खाली पाहण्याची सवय

नांदेडला आल्यावर पहिल्या सहामाहीत मी जे काही शिकलो, त्यातली एक गोष्ट कोणत्याही परीक्षेत विचारली गेली नाही: समोरचा माणूस बोलत असताना खाली पाहणे.

ऐकायला हे सोपे वाटते. मला ते शिकायला चार महिने लागले, कारण त्याआधीची एकवीस वर्षे मी नेमके उलट शिकलो होतो. आमच्या घरात, लातूरला गोलाईच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत, बोलणाऱ्याकडे न पाहणे म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणे. आई जन्मतः बहिरी. वडीलही बहिरे होते. जे काही बोलायचे ते हातांनी, भुवयांनी, खांद्यांनी. जेवताना, भांडताना, हिशेबाच्या चुका एकमेकांवर ढकलताना नजर काढायची नाही, एवढा एकच नियम आमच्या घरात कडकपणे पाळला जाई. रुसायचे असेल तर डोळे मिटायचे. वडिलांनी लग्नानंतर एकदा दीड दिवस डोळे मिटून घेतले होते, असे आई हसत सांगायची. मधूनमधून एक डोळा किलकिला करून ती अजून समोरच बसली आहे ना, हे बघत.

तीन वर्षांपूर्वी वडील गेले. मग त्या घरातली भाषा जाणणारी दोनच माणसे उरली, आणि त्यातला मी नांदेडला मानसशास्त्रात एम.ए. करायला आलो.

वर्गात देगलूरची मंजुश्री नावाची मुलगी होती. एकदा ती माझ्याशी वहीबद्दल बोलायला आली, तेव्हा मी तिच्याकडे पाहिले. घरी पाहतो तसे पाहिले: चेहऱ्यावरून नजर न हलवता, पापणीदेखील जपून लववत, तिच्या ओठांच्या कडा आणि भुवया एकत्र वाचत. तिला फक्त मागच्या तासाच्या नोट्स हव्या होत्या. तिसऱ्या वाक्याला ती अडखळली आणि तिने ओढणी सारखी केली. मागच्या बाकावरून तिची मैत्रीण म्हणाली, "मंजे, फोटो काढून राहिला का गं तुझा?" वर्ग हसला. मीही हसलो, कारण हसणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे मी पाहत होतो.

चौथ्या दिवशी ती जिन्यात थांबली.

"एक सांगू का? राग मानू नका." ती हळू बोलत होती. "तुम्ही असं टक लावून बघत जाऊ नका. मला लई कसंतरी होतं. घरी गेल्यावर बी आठवत राहतं."

माझ्या आईला ऐकू येत नाही. एवढे पाच शब्द पुरले असते. ते तोंडात तयार होते. मी त्यांच्यावर जीभ दाबून उभा राहिलो. कोणाला काही समजावून सांगण्याची वेळ आली की माझे असेच होते. "सॉरी" एवढेच म्हणालो आणि खाली पाहिले. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तिने तो सेफ्टी पिनेने जोडला होता.

"थँक्यू," ती म्हणाली, अगदी मनापासून, आणि निघून गेली.

एखाद्या वर्तनानंतर सुख मिळाले की ते वर्तन पुन्हा घडते, असे आमचे बिरादार सर शिकवतात. ते थँक्यू हे माझे पहिले बक्षीस होते. पुढे मी स्वतःवरच प्रयोग सुरू केला. कोणी बोलू लागले की त्याच्या पिशवीच्या चेनीकडे पाहायचे, शर्टाच्या तिसऱ्या गुंडीकडे पाहायचे, तेही जमले नाही तर जमिनीकडे. सुरुवातीला मला चक्क ऐकू येईनासे व्हायचे. आवाज कानात शिरे, पण चेहरा नसल्यामुळे तो कोणाचा आहे, रागाचा आहे की प्रेमाचा, हे कळत नसे. हळूहळू सवय झाली. डिसेंबरपर्यंत लोक मला लाजाळू पण सभ्य म्हणू लागले. खोलीतला जोडीदार बजरंग, लोह्याचा, एकदा म्हणाला, "शिवकुमार, तू आधी पोलीस वाटायचास रे. आता जावई वाटून राहिलास."

मी आनंदाने फरशीकडे पाहिले.

जानेवारीत बिरादार सरांनी जन्मजात आणि शिकलेले वर्तन हा भाग घेतला. नवजात बाळाच्या तळहातावर बोट ठेवले की ते मूठ आवळते, हे शिकवावे लागत नाही. गालाला स्पर्श झाला की तोंड तिकडे वळते, हेही नाही. "आणि रडणं," सर फळ्याकडे वळत म्हणाले, "रडायला जगात कोणी कोणाला शिकवलं न्हाई. कोणाला काही शंका?"

मला होती. मी वहीच्या समासाकडे पाहत राहिलो.

आमच्या शेजारी शांतम्मा राहतात. त्यांनी मला माझी एक गोष्ट अनेकदा सांगितली आहे. मी जन्मलो तेव्हा चांगला खणखणीत रडत असे. साऱ्या गल्लीला कळे, फक्त आईवडिलांना कळत नसे. रात्री आई आपल्या मनगटाला आणि माझ्या पायाला सुती दोरा बांधून झोपे; मी पाय झाडले की ती उठे. दिवसा ती मशीनवर ब्लाउज शिवत बसे आणि दर दोन टाक्यांनी मान वळवून माझ्याकडे पाही. आवाजाला कोणी येत नाही आणि तोंड वेडेवाकडे केले की लगेच येतात, हे मी कसे हेरले कोण जाणे. "अकरा म्हयन्याचा झालास अन् तुझा आवाजच बंद," शांतम्मा सांगतात. "तोंड वासायचास, टिपं गळायची, अन् आवाज न्हाई. मला वाटलं, देवा, हे बी मुकंच निघालं. मग तुला उचलून माझ्या घरी आणलं, अन् माझ्या मांडीवर बसून भोंगा पसरलास की रं! तुला ठावं होतं, हितं ऐकतेत म्हणून."

रडणे जन्मजात आहे, हे खरेच. पण कोणासमोर कसे रडायचे, हे मी अकरा महिन्यांत शिकलो होतो. सरांना हे सांगावे असे फार वाटले. तासानंतर मी त्यांच्या टेबलापर्यंत गेलोही. "बोला," सर म्हणाले, आणि मी त्यांच्या डस्टरकडे पाहत म्हणालो, "काही नाही सर, हजेरी."

आईशी माझे बोलणे फोनवर होई, म्हणजे पडद्यावर. ती फोन मशीनच्या टेबलावर बाटलीला टेकवून ठेवे आणि दोन्ही हातांनी बोले. मी नांदेडच्या खोलीत एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने बोलत असे, तेही छातीजवळ, लहान लहान. कारण पलंगावर बजरंग असे, आणि खिडकीसमोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका असत. तिने एकदा विचारले, "हाताला काय झालं? आखडला का?" मी म्हणालो, थंडी आहे. मग माझी नजर पडद्यावरून घसरून पडद्याखालच्या बोटांवर जाऊ लागली. ती मधेच थांबे. मी पुन्हा पाहिले की ती म्हणे, "जेवलास?" आधी आमचे बोलणे तासभर चाले. फेब्रुवारी लागेपर्यंत ते तेवढ्या एका प्रश्नावर आले होते.

त्याच महिन्यात निलंग्याहून भीमाशंकरमामाचा फोन आला. मामा आईचा धाकटा भाऊ.

"शरणार्थ, शिवा. रविवारी मी लातूरला येऊन राहिलो. तू बी ये. आक्काचं काहीतरी ठरवावं लागतं."

झाले होते असे: गल्लीतल्या एका घरात दुपारी विजेच्या तारेने पेट घेतला होता. लोक ओरडत बाहेर पळाले, दारे बडवली. आई मशीनवर बसून शिवत होती. धूर खिडकीशी आला तेव्हा शांतम्मांनी आत जाऊन तिला दंडाला धरून ओढले. कोणाला काही झाले नाही. पण मामाने ऐकले आणि त्याची झोप उडाली.

"हितं आठ माणसं हायत घरात," तो फोनवर म्हणाला. "कोणी ना कोणी असतंय. तिकडं एकटी बाई. तू तर नांदेडला. ती येते म्हणली तर एक खोली रिकामी करतो. सक्ती न्हाई. पण तिला नीट ईचार. तुझ्याबिगर कोण ईचारणार?"

मामा खोटे बोलत नव्हता. त्याच्या घरी आठ माणसे होती. पण त्या आठांतल्या एकालाही आईशी चार हातवाऱ्यांपलीकडे बोलता येत नव्हते: ये, जेव, झोप, पाणी. निलंग्याच्या त्याच घरात आई जन्मली होती. आठव्या वर्षी तिला लातूरच्या मूकबधिर शाळेत घातले, तोवर तिला हे ये, जेव, झोप, पाणी एवढेच मिळाले होते. तिथे तिला 'मुकी' म्हणत. आपल्यालाही नाव आहे, हे तिला शाळेत पहिल्या आठवड्यात कळले. उमादेवी हे नाव मास्तरांनी पाटीवर लिहून, बोट तिच्या छातीवर ठेवून सांगितले. त्याआधीच्या दिवसांबद्दल ती क्वचितच बोले. एकदाच म्हणाली होती, "धुकं होतं. मी भुकेली आहे एवढं मला माहीत असायचं. मी कोण आहे हे नाही."

रविवारी सकाळी मी नांदेडहून एस.टी. पकडली. लोहा, अहमदपूर, चाकूर. दोन्ही बाजूंना हरभरा काढून झालेली शेते मोकळी पडली होती. शेजारी बसलेल्या आजोबांनी मला कुठून आलास, कुणाचा, लग्न झाले का, असे सारे विचारले, आणि मी त्यांच्या धोतराच्या काठाकडे पाहत उत्तरे दिली. चाकूरला उतरताना ते म्हणाले, "लई संस्कारी पोरगा हायस." मला ते आवडले. आज वाईट वाटते ते याचेच.

घरी पोचलो तेव्हा मामा आधीच आला होता, खाटेवर पाय वर घेऊन बसला होता. आईने धपाटे केले होते. ती मला पाहून उठली, कपाळावरची पुसट झालेली विभूती बोटाने नीट केली, आणि माझे नाव घेतले. आमच्या घरात माझे नाव म्हणजे हनुवटीवर टेकवलेली दोन बोटे. तिथे मला तीळ आहे. दीड महिन्यात कोणी मला त्या नावाने हाक मारली नव्हती.

आम्ही जेवायला बसलो. मामाने दुसरा धपाटा संपवला, मिशा पुसल्या आणि मला म्हणाला, "हं, ईचार. येतीस का म्हणून. आगीचं बी सांग. मला लई काळजी वाटून राहिली, ते बी सांग. असं कोरडं नको ईचारू."

मी सांगितले. पाच वर्षांचा असल्यापासून मी हेच करत आलो आहे. दवाखान्यात, बँकेत, सोयरिकीच्या बैठकीत, लोकांचे तिला आणि तिचे लोकांना. मी मामाची काळजीसुद्धा कोरडी न करता सांगितली. आईने ती पाहिली. तिने भावाकडे मायेने बघून मान हलवली. मग पदराने हात पुसले. महत्त्वाचे काही बोलायचे असले की ती आधी हात पुसते, लोक घसा खाकरतात तसे.

"निलंगा," तिने सुरुवात केली. तोंडाच्या कडेला ऊस सोलल्याची खूण, म्हणजे आमच्या घरात निलंगा. "तिथे..." आणि ती माझ्याकडे वळली. आता ती मामाशी नव्हे, माझ्याशी बोलत होती. तिचा चेहरा पूर्ण उघडा होता, इतका की त्याकडे पाहणे मला जड गेले. बाजूने मामाही माझ्याच तोंडाकडे पाहत होता, उत्तराची वाट पाहत. दोन माणसांच्या दोन नजरा माझ्यावर होत्या, आणि माझी मान आपोआप खाली गेली. मी ती खाली घातली नाही. ती गेली. ताटातल्या धपाट्यात कोथिंबिरीचे एक पान करपून काळे झाले होते. मी त्याकडे पाहिले. तीन सेकंद असतील, चार असतील.

वर पाहिले तेव्हा आईचे हात हवेत थांबले होते. तिने ते सावकाश खाली आणले, मांडीत ठेवले आणि त्यांच्यावर पदर ओढला. मग ती दही आणायला उठली.

"काय म्हणली?" मामाने विचारले.

मला माहीत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा आई माझ्यासमोर बोलली होती आणि काय बोलली ते मला माहीत नव्हते. तेवढे सांगितले असते तरी चालले असते. पण कळले नाही म्हणायचे, तर का कळले नाही तेही सांगावे लागणार होते, आणि मामा वाट पाहत होता, आणि आतून दह्याच्या भांड्याचे झाकण पडल्याचा आवाज आला, जो फक्त आम्हा दोघांनाच ऐकू आला.

"येते म्हणाली," मी म्हणालो.

मामाचा चेहरा खुलला. "बघ! मी म्हणलं नव्हतं? रक्त हाय शेवटी!" दही घेऊन आलेल्या बहिणीकडे पाहून त्याने दोन्ही हात जोडले, मग छातीवर ठेवले, मग हवेत खोलीएवढा चौकोन काढला. आईला त्यातले काहीच समजले नसावे. ती त्याच्याकडे पाहून हसली. पाहुण्याकडे पाहून हसावे तसे.

तीनच्या गाडीने मामा गेला. जाताना म्हणाला, "पंधरा दिवसांत नेतो. सिंधू लई खूश होईल." सिंधू म्हणजे मामी.

आई मशीनवर जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून.

ज्याला ऐकू येते त्याच्याशी भांडण झाले, तर त्याच्या पाठीशी बोलता येते. दाराआडून माफी मागता येते. जिन्यातून हाक मारता येते. आईची पाठ म्हणजे शेवट होता. मी दिव्याचे बटण दोनदा उघडबंद केले. आमच्या घरात ती हाक असते. तिने मान वळवली नाही. मी फरशीवर पाय आपटला. तो हादरा तिला मशीनच्या पायातून कळतो, हे मला माहीत आहे. टाके चालूच राहिले. खांद्याला हात लावला, तेव्हा तिने खांदा फक्त पुढे घेतला, कापड ओढण्याच्या निमित्ताने.

मग मी बसायचा मोडा उचलला आणि मशीनच्या पलीकडे, भिंत आणि टेबल यांच्यातल्या अरुंद जागेत, तिच्या समोर जाऊन बसलो. गुडघे टेबलाला लागत होते. तिने नजर सुईवर ठेवली. मी तिच्याकडे पाहू लागलो. नांदेडला जे टाळायला शिकलो होतो, तसे, टक लावून. पहिल्या काही मिनिटांत माझी मान तीनदा खाली गेली. प्रत्येक वेळी मी ती वर आणली. चार महिन्यांत शिकलेली गोष्ट इतकी आत गेली असेल असे वाटले नव्हते. एक ब्लाउज झाला. तिने दुसरा घेतला. खिडकीतले ऊन मशीनच्या चाकावरून भिंतीवर गेले आणि विझले. शांतम्मा दारातून डोकावून म्हणाल्या, "काय मायलेकराचं?" आणि उत्तर न मिळाल्याने तशाच परत गेल्या.

आईच्या डोळ्यांखाली मला न आठवणाऱ्या दोन रेषा होत्या. ओठ मधूनमधून हलत होते. ती स्वतःशी बोलताना असे करते, हे मी विसरलो होतो. ती दिवसभर कोणाशी बोलत असेल? हा प्रश्न मला आठ महिन्यांत एकदाही पडला नव्हता.

सुईत दोरा ओवण्यापुरता उजेड राहिला नाही, तेव्हा तिने हात थांबवले, उठून दिवा लावला, आणि परत बसताना माझ्याकडे पाहिले.

मी काही बोलायच्या आत तिने विचारले, "दुपारी मी काय म्हणाले?"

"दिसलं नाही."

"दिसलं नाही, की पाहिलं नाहीस?"

"पाहिलं नाही."

तिने हात पुसले. "मी म्हणाले, तिथे मला परत जायचं नाही. पण इथेही माझ्याशी बोलायला कोणी उरलं नाही. म्हणून तुला विचारलं. शिक्षण झाल्यावर तू लातूरला येणार आहेस का? येणार असशील तर मी राहते. नसशील तर कुठेही राहीन, सारखंच आहे." तिने मला बोटाने मान खाली घातल्याची खूण करून दाखवली, माझीच नक्कल, हुबेहूब. "तू असं केलंस. मला उत्तर मिळालं."

ते उत्तर नव्हते, हे मी तिला सांगितले. सगळे सांगितले. मंजुश्री, जिना, मागच्या बाकावरचे हसू, शर्टाची तिसरी गुंडी. जे पाच शब्द मला तोंडाने सांगता आले नव्हते, त्यांच्याभोवतीचे सगळे मी हातांनी सांगितले, आणि हात आखडले नाहीत. तिने मधे एकदाच अडवले.

"मुलगी दिसायला कशी आहे?"

"आई."

"विचारते नुसतं." तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हलले आणि गेले. "ती घाबरली, ते बरोबर. पण दार तू माझ्यावर लावलंस."

मग ती म्हणाली, "आता सांग. येणार आहेस का?"

लातूरला मला काय काम मिळेल? नांदेडला तरी काय मिळेल? मी हो म्हणालो असतो तर तिने विश्वास ठेवला असता. ते सोपे होते, म्हणूनच मला ते जमेना. "माहीत नाही," मी म्हणालो. तिने मान हलवली. तिच्याकडे पाहत दिलेले असल्यामुळे हे उत्तर तिने घेतले असे मला वाटले. तसे वाटून घ्यायला मला हवे होते.

एक गोष्ट अजून सांगायची होती. "मामाला मी सांगितलं, तू येते म्हणालीस."

रागावली असती तर बरे झाले असते. तिचा चेहरा एकदम लहान झाला, शाळेत जायच्या आधीच्या कुठल्याशा मुलीचा. "आठ वर्षं ते तसंच करायचे," तिने सावकाश म्हटले. "माझ्या वाटचं तेच बोलायचे. हिला भूक नाही. हिला जायचं नाही. हिला आवडतं." मग ती उठली आणि स्वयंपाकाला लागली.

सकाळी दिवा दोनदा लागला आणि विझला. मी उठलो. आई आंघोळ करून, लिंगपूजा आटोपून उभी होती. तिने फोन माझ्या हातात दिला. "मामाला लाव. तोंड दिसेल असा. मी बोलेन, तू सांग. जे बोलेन तेच."

मी फोन बाटलीला टेकवला. मामा पडद्यावर आला तो डोक्याला रुमाल बांधून. मागे एका रिकाम्या खोलीत मामी बादलीत चुना ढवळत होती.

"शरणार्थ, शरणार्थ! आक्का, बघ, खोली करून राहिलो तुझी! खिडकीला जाळी बी लावतो, डास लई हायत हिकडं."

आईने हात पुसले. मी तिच्या शेजारी नाही, तिच्यासमोर बसलो, फोनच्या कडेला, म्हणजे मला तिचा चेहरा पूर्ण दिसेल आणि मामाला माझा आवाज ऐकू येईल. तिने सुरुवात केली.

"मी येणार नाही," मी म्हणालो.

"आं? तुला कोण बोलवलं? मी आक्काला म्हणून राहिलो."

"आईच बोलतेय, मामा. मी नुसता सांगतोय."

चुना ढवळण्याचा आवाज थांबला.

आईचे हात न थांबता पुढे गेले. पुढचे वाक्य मला आधीच दिसले. जिभेवर घ्यावे की नाही, असा क्षणभर विचार आला. ती माझ्या ओठांकडे पाहत होती. शब्द कळले नसते, पण मी गाळतो आहे हे तिला कळले असते.

"काल माझा मुलगा तुझ्याशी खोटं बोलला," मी म्हणालो. "मी हो म्हणाले नव्हते. मी काय म्हणाले ते त्याने पाहिलंच नव्हतं. त्याला माझ्याकडे बघायची सवय राहिली नाही."

"शिवा," मामा खालच्या आवाजात म्हणाला, "हे काय रे? खरं हाय का हे?"

"बोलू द्या तिला, मामा. तिचं व्हायचंय अजून."

मामा बादलीशेजारी उकिडवा बसला. आई सांगत राहिली, मी सांगत राहिलो. त्याने विचारले याचे तिला बरे वाटले, हे सांगितले. त्या घरात तिला आजवर कोणी काही विचारले नव्हते; तो तेव्हा रांगत होता, त्याचा दोष नाही, हेही सांगितले. आगीची भीती तिलाही वाटते. दारावर बडवले की आत दिवा लागेल अशी सोय बाजारात मिळते, ती लावून घेईन. आणि बोलायचे असेल, तर हात शिक.

"या वयात?" मामा म्हणाला, आणि आपल्या चुन्याने माखलेल्या हातांकडे पाहू लागला.

मी ते तिला सांगितले. ती खांदे उडवून हसली. पण लगेच तिचे हात पुन्हा उचलले गेले, आणि या वेळी तिने हनुवटीवर दोन बोटे टेकवली. माझे नाव. माझी मान खाली ओढली जात असल्याचे मला जाणवले, मानेच्या मागच्या शिरेत, स्पष्ट. मी ती धरून ठेवली.

"आणखी काय म्हणती?" मामाने विचारले.

"माझा मुलगा आज नांदेडला जाईल," मी तिच्याकडे पाहत म्हणालो. "तो परत येईल की नाही, ते त्याला माहीत नाही. मलाही नाही."